गुलाबाच्या पाकळ्या आणि (न) ढापलेला मुकुट : ड्रॅग रेस, सीझन ९ चा शेवटचा भाग

खिडकीतली_मनी

काल रात्री झोप येईना म्हणून 'एकच क्लिप बघते आणि पडते' असं स्वतःला सांगितलं, मग क्लिपवरून आख्खा भाग, त्यावरून त्याच्या आधीचे दोन भाग, असं करत करत पावणेतीन वाजवले आणि आज ऑफिसात डोळे ताणून बसलेय. तर धागा काढतेच आता.

रुपॉलची ड्रॅग रेस (अमेरिकन टीव्हीवरची स्पर्धा, रुपॉल हा तिचा सूत्रधार), सीझन ९, शेवटचा भाग. जून २०१७ मधला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ड्रॅग क्वीन्सची (झगमगीत बाईवेष करून स्टेजवर येणाऱ्या कलाकारांची) स्पर्धा, दर आठवड्याला शिवणकाम, अभिनय, विनोद, नकला असलं काहीतरी करायचं, तळातल्या दोघींनी एका गाण्यावर समोरासमोर लिपसिंक करायचं (गाणं रेकॉर्डवर, आपण फक्त ओठ हलवून अभिनय करायचा) आणि हरेल तिने घरी जायचं. शेवटी एकीला मुकुट आणि एक लाख डॉलर. पुढे स्पॉइलर्स आहेत, आठ-नऊ वर्षांनी स्पॉइलरवरून भांडायला येऊ नका.

या सीझनला त्यांनी नियम बदलला. त्याआधीची काही वर्षं शेवटच्या भागात गप्पा, एकेक नाच आणि मग थेट निकाल असायचा. सीझन ९ ला चौघी शिल्लक, साशा वेलूर, शे कूले, पेपरमिंट, ट्रिनिटी टेलर, आणि चाक फिरवून जोड्या लावून सेमीफायनल-फायनल, सगळं लिपसिंकवर. पहिल्या जोडीत ब्रिटनी स्पिअर्सच्या गाण्यावर पेपरमिंटने ट्रिनिटीला हरवलं. मग साशा विरुद्ध शे, गाणं व्हिटनी ह्यूस्टनचं 'सो इमोशनल'.

आणि मग ते झालं. साशाने एक हातमोजा हळूच ओढला, आतून गुलाबाच्या पाकळ्या. मग दुसरा. प्रेक्षक ओरडतायत. तुम्हाला वाटतं झालं, हीच गंमत होती, आणि गाणं अगदी टोकाला पोचतं तेव्हा ती टोपाला, म्हणजे विगला, हात घालते, तो वर उचलते आणि पाकळ्यांचा अख्खा पाऊस तिच्या टकलावरून चेहऱ्यावर ओघळतो. माझ्या अंगावर कालही काटा आला, पंधराव्यांदा बघून.

पण प्रश्न असा की साशा जिंकली ते लिपसिंकवर की पाकळ्यांवर? शेने आख्ख्या सीझनमध्ये चार आव्हानं जिंकली होती, साशाने दोन, आणि त्यातही शेबरोबर वाटून घेतलेलं यश आहेच. चौदा आठवडे घाम गाळायचा आणि तीन मिनिटांत फुलांनी घरी पाठवायचं हे बरोबर का? मला साशा मनापासून आवडते, पण काल पहिल्यांदाच शेसाठी पोटात तुटलं. बोला.

---

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. बायकोला विचारून येतो, ती या विषयातली तज्ज्ञ आहे, मी नुसता शेजारी बसून चकल्या खातो.

---

शिकागोची_सून

मने, तू आज माझ्या जखमेवर बोट ठेवलंस!! शे आमच्या शिकागोची. त्या रात्री आम्ही हॅल्स्टेड स्ट्रीटवर एका बारमध्ये बघत होतो, तिकडे ड्रॅग रेस म्हणजे आपल्याकडची वर्ल्डकप फायनल, बसायला जागा नाही, लोक दाराबाहेरून माना उंचावून बघतायत, स्क्रीनसमोर मोठ्या मोठ्या विगवाल्या क्वीन्स स्वतः सूत्रसंचालन करतायत. पहिला हातमोजा निघाला तेव्हा आमच्यात बू झालं, गमतीतलं. दुसरा निघाला तेव्हा कमी झालं. आणि टोप निघाला तेव्हा काय झालं माहितीये? आख्खा बार किंचाळला, शेचा बार, आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की अरे आपली हरली. माझ्या शेजारचा एक पोरगा ग्लास हातात धरून नुसता उभा होता, त्याच्या तोंडातून फक्त 'नो' एवढंच निघत होतं.

तर मी रागाने नाही सांगत पण सांगते: तो नियमच अन्यायी होता. सीझनभराचे मार्क शून्य धरायचे आणि तीन मिनिटांच्या तोंडी परीक्षेवर बोर्डाचा निकाल लावायचा. साशाला आख्ख्या सीझनमध्ये एकदाही तळात यावं लागलं नाही हे मान्य, ती उत्तमच. पण शे गोलंदाजी, फलंदाजी, क्षेत्ररक्षण सगळ्यात सरस होती. ती एकदाच तळात आली, मेकओव्हरच्या भागात, तेव्हाही लिपसिंक जिंकली. म्हणजे ही लिपसिंकमध्ये कच्ची होती असंही नाही.

---

हरणटोळ

@शिकागोची_सून बोर्डाच्या परीक्षेचं उदाहरण आवडलं 😄 पण नियम चौघींना आधीपासून माहीत होता ना? साशाने अभ्यास केला, शेने वर्षभराच्या हजेरीवर भरवसा ठेवला. (हलके घ्या, शिकागोकर बाई विमान पकडून येतील नाहीतर.)

माझं म्हणणं वेगळं आहे. पाकळ्या ही युक्ती नव्हतीच, तो अभिनय होता. गाणं काय आहे? माणूस प्रेमात पार कामातून गेलाय, वेडा झालाय, आवरता येत नाहीये. व्हिटनीचं १९८७ चं, नाचायचं गाणं म्हणून सगळे ओळखतात, क्लबमध्ये लोक त्यावर उड्या मारतात. शेने तेच गाणं केलं, उडतं, नाचरं, उत्तम केलं. साशाने ते गाणं दुःखाचं करून टाकलं. ती जवळजवळ नाचतच नाही. उभी राहते, दाबून धरते, दाबून धरते, आणि दाबलेलं जिथून जागा मिळेल तिथून बाहेर येतं, आधी हातातून, मग डोक्यातून. आपण म्हणतो ना 'डोक्यावरून पाणी गेलं', तसंच काहीसं, पण उलटं, डोक्यातूनच. हे कळलं की ती शोबाजी वाटत नाही. पाकळ्या कधी काढायच्या हे तिने गाण्याला विचारलंय, प्रेक्षकांना नाही.

---

चहाबाज

बायकोचं मत आलं: 'साशाच. विषय संपला.' मग ती परत आतून ओरडली, 'आणि त्यांना सांग की व्हॅलेंटिनाच्या मास्कवर कोणीतरी लिहा.'

---

मृद्गंध२

वहिनींना दंडवत, तोच माझा मुद्दा.

त्याच सीझनचा नववा भाग आठवा. व्हॅलेंटिना, तोवरची सगळ्यात लाडकी, सुंदर, पुतळ्यासारखी, प्रेक्षक जीव टाकत होते. तळात आली नीना बोनीना ब्राउनबरोबर, गाणं आरियाना ग्रांडेचं, आणि बाई तोंडावर मास्क लावून लिपसिंकला उभ्या. अगं लिपसिंक!! ओठच तर बघायचे असतात!! रुपॉलने गाणं थांबवलं, त्या कार्यक्रमात हे जवळजवळ कधीच होत नाही, आणि मास्क काढायला सांगितला. ती अगदी गोड आवाजात म्हणाली की राहू दे ना. स्टेजवर सन्नाटा. शेवटी काढला आणि मग सगळ्यांना दिसलं की गाणं पाठच नव्हतं. घरी गेली.

आता हे दोन भाग शेजारी ठेवून बघा. एकीने वस्तू वापरली ती झाकण्यासाठी, दुसरीने वापरली उघडण्यासाठी. मने, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. पाकळ्या काढून टाकल्या तरी साशाचं लिपसिंक उभं राहतं. मास्क काढल्यावर व्हॅलेंटिनाचं उरलं नाही. (नंतर तिने अमेरिकन टीव्हीवरच्या एका म्युझिकलमध्ये चांगलं काम केलं, २०१९ मध्ये, तेव्हा मुलगी वाईट नव्हती, फक्त त्या आठवड्यात अभ्यास नव्हता.)

---

अजून_एक_अजय

माफ करा पण हे सगळं बघून काय मिळतं? पुरुषांनी बायकांचे कपडे घालून नाचायचं आणि आपण त्यावर आठ वर्षांनी निबंध लिहायचे. अमेरिकन थेरं आहेत सगळी. आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतं.

---

हरणटोळ

😂😂😂 'आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतं' हे मराठीत, महाराष्ट्रात, बालगंधर्वांच्या भाषेत लिहिलंय याची नोंद घ्यावी.

---

पमा_आजी

अजय, बाळा, माझं वय त्र्याहत्तर. माझी आजी सांगायची, बालगंधर्व नेसायचे तशी साडी नेसायला, तसा अंबाडा घालायला, तसे दागिने करून घ्यायला चांगल्या घरच्या बायका नाटकाला जायच्या आणि घरी येऊन आरशासमोर प्रयत्न करायच्या. म्हणजे बाईने कसं दिसायचं हे पुण्या-मुंबईच्या बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेलीये की मला वाटायचं ते आमचे नातेवाईकच आहेत.

मी हा कार्यक्रम बघितलेला नाही. नात बघते. तिने मला ती पाकळ्यांची क्लिप दाखवली आत्ता, या धाग्यावरून. मुलगा आहे हे सांगितलं नसतं तर कळलं नसतं असं मात्र नाही, आणि तो ते लपवतही नाहीये. ते मला नवीन वाटलं. आमच्या वेळच्या नटांचं सगळं कसब लपवण्यात होतं.

---

अजून_एक_अजय

आजी, बालगंधर्व वेगळे. ती कला होती, नाट्यसंगीत होतं. हे दोन्ही एकत्र नका करू.

---

मृद्गंध२

पमा आजी ❤️ तुम्ही शेवटच्या दोन वाक्यांत जे पकडलंत ते पकडायला मला तीन सीझन लागले.

आणि अजय, अर्धं तुमचं बरोबर आहे, ते मी मान्य करते, दोन्ही एक नाहीत. स्त्रीपार्ट आला कारण बायकांना रंगमंचावर येऊ देत नव्हते, नटाने बाई 'वाटावं' ही अपेक्षा. ड्रॅग वाढलं अमेरिकेतल्या समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या क्लबांत आणि बॉल्समध्ये (वेष आणि नाचाच्या स्पर्धांचे जलसे), न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या आणि लॅटिनो पोरांनी घरातून हाकलून दिल्यावर आपापली 'घरं' काढली, तिथे एक 'आई' असायची, ती पोरांना सांभाळायची, आणि रात्री स्पर्धा. या शोमधले अर्धे शब्द तिथून उचललेत. तिथे बाई वाटणं हा मुद्दा असेलच असं नाही, बाईपण हे सगळं रचलेलं असतं हे दाखवून त्याची मजा घेणं हा मुद्दा असतो. म्हणून टोप काढून टक्कल दाखवणं चालतं. बालगंधर्वांनी भर प्रयोगात टोप काढला असता तर नाटकगृहाने पैसे परत मागितले असते.

पण कला कुठली आणि थेर कुठलं हे ठरवताना तुम्ही दोन्ही बघितलंयत का एवढं मात्र सांगा.

---

अजून_एक_अजय

बघितलं नाही. बघणारही नाही. चालू द्या.

---

शिकागोची_सून

'चालू द्या' म्हणून गेलेला माणूस उद्या परत येतो, मराठी आंतरजालाचा पहिला नियम.

टकलाबद्दल: साशाची आई २०१५ मध्ये कॅन्सरने गेली. केमोत तिचे केस गेले होते. साशा टकली राहते ते आईसाठी, हे तिने शोमध्येही सांगितलंय. आता परत बघा तो टोप निघतो तो क्षण. मला शे जिंकायला हवी होती, अजूनही हवी आहे, पण हे कळल्यावर मी त्या क्षणाला बू करू शकत नाही.

---

खिडकीतली_मनी

हे मला माहीत होतं आणि तरी मी मूळ धाग्यात लिहिलं नाही, कारण मग भांडताच येत नाही हो. आई आणली की चर्चा संपते.

---

टोपवाला

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लॉगिन करावं लागलं. मी नाटकांना आणि गॅदरिंगना रंगभूषा आणि टोप पुरवतो, तीस वर्षं. लेकीने ही लिंक पाठवली की बाबा तुमच्या धंद्यातलं आहे.

मी ती क्लिप चार वेळा बघितली आणि फक्त टोप बघितला. तुम्ही म्हणता भावना, मी म्हणतो बसवणी. सांगतो काय ते. टोप नीट बसवायचा तर आधी केस चापून जाळी, वरून पिना, पुढच्या कडेला स्पिरिट गम, म्हणजे कातडीला चिकटवायचा डिंक. असा बसवला की नट कोलांटी मारला तरी हलत नाही. पण मग तो ओढून निघणार नाही, निघाला तर कपाळाची साल घेऊन निघेल. आणि नुसता ठेवला तर पहिल्या गिरकीला स्टेजवर. म्हणजे हिने मधलं काहीतरी केलेलं असणार, बसेल पण चिकटणार नाही असं. आणि आत मूठ-दोन मूठ पाकळ्या. म्हणजे डोक्यावर फुलांची उलटी वाटी घेऊन तीन मिनिटं वावरायचं. आता परत बघा, ती मान किती जपून वळवते. तुम्हाला ते दुःख वाटतं, थोडं ते टोप सांभाळणं पण आहे 😄 आणि ते तसं कळू दिलं नाही, हीच नटाची हुशारी. अडचणीतून अभिनय काढला.

टक्कल असल्याचा फायदा हा की केसांचा बोचका नसतो, आत जागा मिळते. केसवाल्या नटाला हे जमणार नाही, जमलं तर पाकळ्या केसात अडकून बसतील, ओघळणार नाहीत.

---

हरणटोळ

टोपवाला काका, साष्टांग. हा प्रतिसाद कुठेतरी चिकटवून ठेवा रे.

---

कुहू_कुहू

टोपवाला काका तुम्ही दोन वर्षांपूर्वी का नव्हता हो इथे 😭

मी कॉलेजात गॅदरिंगला हाच प्रकार केलेला. एकपात्री होतं, मुलीने केलं तर कोण काय बोलणार म्हणून मीच. भल्या पहाटे दादरच्या फुलमार्केटला जाऊन खरे गुलाब आणले, दीड किलो, भाव करून, त्यांच्या पाकळ्या सोडवून हातमोज्यात भरल्या सकाळी नऊला. माझा नंबर लागला दुपारी सव्वातीनला. एप्रिल महिना. हॉलमधले पंखे बंद पडलेले. स्टेजवर गेले, गाणं चढलं, मी मोठ्या ऐटीत हातमोजा ओढला, आणि आतून पाकळ्या नाही, काळपट लाल गुलकंद निघाला. अर्धा हाताला चिकटलेला, अर्धा पुढच्या रांगेतल्या सरांच्या पायाशी गोळा होऊन पडला. मागून एकजण ओरडला 'पान लाव!' आणि आख्खा हॉल खलास.

विग उचलायचं धाडसच झालं नाही. आत काय झालं असेल या विचाराने मी तशीच नमस्कार करून विंगेत.

---

चहाबाज

हसून हसून पुरेवाट. 'पान लाव' वर बायको अजून हसतेय, चकलीचा घास अडकला तिच्या.

---

टोपवाला

बाळ, खरी फुलं घामात टिकत नाहीत. कापडी पाकळ्या घ्यायच्या, सॅटिनच्या, सजावटीच्या दुकानात पाकिटात मिळतात, थोडी टाल्कम पावडर मारायची म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. पुढच्या वेळी माझ्या विचारपुशीत विचार, टोपाचं भाडं घेणार नाही.

---

मृद्गंध२

या पाकळ्यांनी पुढे जो उच्छाद मांडला त्यावर पण बोला. साशाने जिंकलं आणि पुढची सगळी वर्षं लिपसिंक म्हणजे कांद्यासारखं सोलणं झालं. एका पोशाखाखाली दुसरा, टोपाखाली टोप. टोपाखाली टोप तर साशाच्याही आधीचा, रॉक्सी अँड्र्यूजने सीझन ५ ला अलिसा एडवर्ड्ससमोर केला होता, २०१३ मध्ये, दोघी वाचल्या त्या दिवशी. पण तेव्हा ते एकदाच झालं म्हणून जीव घेऊन गेलं.

आणि मग सीझन १० चा शेवट. आशिया ओहारा. फुलपाखरं.

---

शिकागोची_सून

नको गं ते. फुलपाखरं नको. मी उशीत तोंड खुपसून बघितलं होतं ते.

---

मृद्गंध२

नाही, सांगायलाच हवं. आशिया म्हणजे सीझन १० ची शहाणी मोठी ताई, दुसऱ्यांना मदत करून स्वतःचं काम मागे पडलं अशी. फायनलला जॅनेट जॅक्सनच्या गाण्यावर कॅमेरॉन मायकल्ससमोर, आणि तिने अंगावर जिवंत फुलपाखरं दडवलेली. ती उडणार होती. उडाली नाहीत. काही खाली पडली, काही तशीच बसून राहिली. आणि ती वाट बघत उभी, गाणं चाललंय, ओठ हलायचे राहिले. कॅमेरॉन तिकडे साधं सरळ नाचून जिंकली. आशियाने नंतर माफी पण मागितली.

म्हणून मी म्हणते, वस्तू गाण्यातून यायला हवी. जॅनेटच्या त्या गाण्यात मस्ती आहे, ठसका आहे, त्यात फुलपाखरं कुठून आली? कोणीतरी 'पाकळ्या चालल्या, मग आपण जिवंत काहीतरी आणू' असा हिशोब केला. कुहूचा गुलकंद पण त्याच घराण्यातला, सॉरी कुहू.

---

कुहू_कुहू

मान्य. माझ्या एकपात्रीचा विषय 'मध्यमवर्गीय मुलीचं करिअर' होता. गुलाबाचा काही संबंध नव्हता. मला फक्त टाळ्या हव्या होत्या.

---

निळी_छत्री

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, पेपरमिंट. शेवटच्या फेरीत साशासमोर तीच होती, परत व्हिटनीच्याच गाण्यावर, आणि लोकांना सेमीफायनलच लक्षात राहिली, बिचारी फायनल खेळून पण सगळे सेमीफायनलचीच चर्चा करतात.

पेपरमिंट ट्रान्स स्त्री आहे आणि ते आधीपासून उघड सांगून शोमध्ये आलेली पहिली. आधीही ट्रान्स स्पर्धक होत्या, पण त्यांनी शो चालू असताना किंवा नंतर सांगितलं. म्हणजे अजयराव म्हणतात ते 'पुरुषांनी बायकांचे कपडे' हे २०१७ लाच चुकलेलं होतं, दोन नंबरला एक बाई उभी होती. पुढच्याच वर्षी रुपॉल एका मुलाखतीत बोलून गेला की शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांना बहुधा घेणार नाही, त्यावर केवढा गदारोळ झाला, माफी मागावी लागली. मग हळूहळू बदललं, २०२१ ला ऑल स्टार्स (जुन्या स्पर्धकांना परत आणून होणारी ड्रॅग रेस) ६ कायली सोनिक लव्हने जिंकलं, २०२३ ला साशा कोल्बीने सीझन १५. पेपरमिंट स्वतः २०१८ ला ब्रॉडवेवर गेली, मोठी भूमिका पहिल्यांदा घडवणारी पहिली ट्रान्स स्त्री म्हणून तिचं नाव घेतात.

मी तो भाग २०१७ मध्ये हॉस्टेलच्या खोलीत पांघरुणात मोबाईल घेऊन बघितला, आवाज एकदम बारीक, एक कान दाराकडे. कलम ३७७ (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं) जायला अजून सव्वा वर्ष होतं. रूममेटने विचारलं काय बघतेयस, मी म्हटलं फॅशन शो. खोटंही नव्हतं तसं. पेपरमिंट जिंकावी म्हणून मी उशीखाली बोटं क्रॉस करून ठेवली होती. हरली तेव्हा साशाचा राग आला नाही, का ते आजही सांगता येत नाही.

---

खिडकीतली_मनी

निळी, 🫂. आणि खरंच, मीही मूळ धाग्यात पेपरमिंटला एका ओळीत गुंडाळलं. चूक कबूल.

---

शिकागोची_सून

निळी तुला मिठी माझ्याकडूनही.

मने, तुला एक गृहपाठ. आज परत बघ, पण साशा जिकडे असेल तिकडे हात धर आणि फक्त शेला बघ. कोणी बघतच नाही तिला.

---

खिडकीतली_मनी

केला गृहपाठ. जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातात, दुसरा हात स्क्रीनवर.

शिकागो, तू म्हणतेस ते खरंय. पाकळ्या निघाल्या की कॅमेरा शेकडे फारसा थांबतच नाही, तुकड्या-तुकड्यात दिसते ती. पण जेवढी दिसते त्यात मला ओठांची एकही चूक सापडली नाही. समोर जे चाललंय त्यावर सगळं थिएटर उठलंय, तिला आवाजावरून कळत असणार की आपण चाललो, आणि तरी ती शेवटच्या शब्दापर्यंत तेवढ्याच ताकदीने नाचते. माझ्याच्याने झालं नसतं. मी तिथेच बसकण मारली असती.

मत बदललं का? नाही. साशाच जिंकायला हवी होती. पण शीर्षकात 'ढापलेला'च्या आधी कंसात 'न' टाकला आत्ता. आणि २०२० ला शेने ऑल स्टार्स ५ जिंकलंच की!

---

शिकागोची_सून

उशिरा मिळालेला मुकुट म्हणजे मुलाच्या लग्नात मिळालेली पैठणी. नेसते माणूस, पण आपल्या लग्नात हवी होती ती.

---

अजून_एक_अजय

ती क्लिप बघितली. टोपवाला यांच्या प्रतिसादामुळे. टोपाचं तांत्रिक काम चांगलं आहे. बाकी मत तेच.

---

हरणटोळ

@शिकागोची_सून पहिला नियम सिद्ध झाला!!

---

कुडाळचो_झिल

उशिरा आलो धाग्यावर. आमच्याकडे दशावतार, काका स्त्रीपार्टी, चाळीस वर्षं. रात्रभर नाटक, स्वतःची पेटी, स्वतःचा रंग, स्वतःच लुगडं नेसायचं, मदतीला कोणी नाही. रात्री अकराला बसतात आरशासमोर, एका हाताने बॅटरी धरून भुवया काढतात, आणि तोपर्यंत गावातली पोरं त्यांना 'ओ काका' म्हणत असतात, कुंकू लागलं की तीच पोरं लांब सरकून उभी राहतात.

काल जत्रेवरून आले सकाळी, चहा पिताना त्यांना ही क्लिप दाखवली. इंग्रजी येत नाही, व्हिटनी माहीत नाही. गप्प बघत होते. हातमोज्याला काही बोलले नाहीत. टोप निघाला तेव्हा कप खाली ठेवला आणि म्हणाले, 'टोप कित्याक काढल्यान?' मी म्हटलं तीच तर गंमत आहे. ते म्हणाले आमच्यात उजाडेपर्यंत टोप काढायचा नाही, खाज सुटली तरी नाही, डोक्यावर आहे तोवर आपण दमयंती, काढला की आपण बाबलो.

मग परत लावायला सांगितली. परत बघितली. परत एकदा. आता काहीतरी मोठं बोलणार म्हणून मी मोबाईल बाजूला ठेवून बसलो.

विचारलं, 'ह्येच्या मागसून त्याच जाग्यार आणखी कोण नाचाचा होता?' मी म्हटलं हो, हीच आणि अजून एक, फायनल होती ना.

'मगे त्यो पाकळ्यो गोळा कोणी केल्यान?'